टोपाच्या तळाची खरवड

भांडं घासणाऱ्या बाईचीच खरवड, हे विठाच्या पाड्यात कुणाला सांगावं लागत नसे. लग्नातला भात असो की खीर, तळाला लागलेलं जे कालथ्याने निघेल ते तिच्या वाट्याचं. म्हणून दूधकेंद्रावर पहिल्या दिवशी टोप रिकामा झाला, तेव्हा विठाने कुणाला न विचारता तळ खरवडला, पळसाच्या पानावर घेतला आणि दाराशी बसलेल्या नातीपुढे ठेवला.

साल एकोणपन्नास. उल्हासनगर हे नाव नुकतंच पडलं होतं. विठाच्या तोंडी अजून कॅम्पच होता. सिंधमधून घरदार टाकून आलेली माणसं लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती. त्यांच्या मुलांसाठी परदेशातल्या कुणा दात्यांकडून दुधाच्या भुकटीची पिंपं येत. साखर आणि सरपण अंबरनाथ-बदलापूरच्या बायका दारोदार फिरून जमवत. कार्ड असलेल्या प्रत्येक मुलाला सकाळी एक मग दूध मिळे.

विठाच्या अंजनीला कार्ड नव्हतं. चार वर्षांची पोर, आई गेलेली, पोट पुढे आलेलं आणि हातपाय काटक्यांसारखे. पण कार्डावर कुठून आलात ते लिहावं लागे, आणि अंजनी कुठून आलीच नव्हती. लढाईच्या दिवसांत लष्कराने कॅम्पासाठी जमिनी घेतल्या त्यात विठाची भाताची खाचरंही गेली. आता त्याच जमिनीवर ती मजुरीने दूध ढवळत होती.

महिनाभरात अंजनीचे गाल थोडे भरले. मग एक दिवस चुलीत लाकूड जास्त सरकलं आणि खरवड बोटभर जाड निघाली. अंजनीने पान चाटून पुसून साफ केलं. "आजी, उद्या पण एवढी?"

दुसऱ्या दिवशी विठाचा पळा सावकाश फिरू लागला. हात दुखतो, असं तिने स्वतःलाच सांगितलं.

दुधाला करपट वास येऊ लागला. मुलं नाक मुरडत, पण पीत. जमना मात्र पिईना. नुकताच गोवर होऊन गेलेली ही सहा वर्षांची सिंधी मुलगी घोटभर घेई आणि उरलेलं भिंतीशी ओतून देई. एकदा तिच्या आजीने ते पाहिलं. ती विठाजवळ आली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "माई, जल जाता है. थक जाती होगी तू अकेली. मैं हिलाऊँ?"

तिने खरोखरच पळा हातात घेतला. विठाला तिच्याकडे बघवेना.

केंद्र सांभाळणाऱ्या सुनेत्राताई, अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका साहेबांच्या पत्नी, सरपणच उचलून बघू लागल्या. "लाकडं ओली आलीत का हो, विठाबाई? धूर लागतोय दुधाला."

"असंल, ताई."

त्यानंतर तीन दिवस जमना आली नाही. आजी एकटीच रिकामा मग घेऊन आली. "बुखार है. उठती नहीं," एवढंच ती म्हणाली.

त्या सकाळी विठाने क्षणभरही हात थांबवला नाही. खांदा भरून आला तरी पळा तळापासून फिरत राहिला. टोप रिकामा झाला तेव्हा तळ लख्ख होता. अंजनी पान पसरून बसलेली.

"आज नाय?"

"नाय. लागलीच नाय."

पोर रडली नाही. कोरडं पान चाटत बसली. विठा पदराने हात पुसत सुनेत्राताईंसमोर जाऊन उभी राहिली.

"लाकडं वली नव्हती, ताई. मीच लागू दिलं."

"का?"

विठाने नुसतं दाराकडे पाहिलं. सुनेत्राताईंनीही पाहिलं. महिन्याहून जास्त दिवस त्या त्याच दारातून ये-जा करत होत्या.

"तिचं कार्ड होणार नाही," त्या म्हणाल्या. "समितीला लिहीन मी, पण होणार नाही." मग पिंपाचं झाकण उगाच नीट करत म्हणाल्या, "वाटण्याआधी दूध लागलंय का, हे रोज कुणीतरी पिऊन बघायला हवं. पूर्ण मग. मोठ्यांना नाही कळत ते."

दुसऱ्या दिवशी अंजनीने पहिला मग दोन्ही हातांनी धरून संपवला आणि गंभीरपणे सांगितलं, "नाय लागलं." त्याच आठवड्यात जमना आजीच्या कडेवर बसून आली. तिने मग हुंगला, विठाकडे संशयाने बघितलं आणि हळूहळू अर्धा प्यायली. भिंतीशी काही ओतलं नाही.

विठाला बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. कुंपणापलीकडे तिच्याच पाड्यातली चार-पाच पोरं उभी होती. अंजनीने खरवडीचं सांगितलं असणार. प्रत्येकाच्या हातात पळसाचं एकेक पान होतं.

सुनेत्राताईंनी पोरांकडे पाहिलं, मग टोपाकडे. आणि त्या कार्डं तपासू लागल्या.

विठाने मान खाली घातली आणि ढवळत राहिली, तळ लागू न देता.