पायाळू गुणाबाई

कंग्राळीत कुणाच्या पाठीत उसण भरली की तो गुणाबाईच्या दारात यायचा. ती पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय दुखऱ्या जागी लागला की चमक पळते, हा गावाचा पक्का विश्वास. आलेला माणूस पालथा पडायचा, ती भिंतीला हात टेकून पाय हलकेच लावायची आणि म्हणायची, "जा, पळ आता." कुणाकडून सुपारीचं खांडही घ्यायची नाही.

तिचा धाकटा भाऊ महादेव यात्रेच्या नाटकातला राजा. काय ते रूप! पडदा सरकला की हा मिशीवर हात ठेवून पुढं यायचा आणि प्रवेशाचं आख्खं भाषण एका दमात म्हणायचा. शेवटचा शब्द येईपर्यंत समोरच्या बायकाही श्वास रोखून बसायच्या. मग टाळ्या, शिट्ट्या. गुणाबाई पहिल्या रांगेत, पदर तोंडाला लावून.

त्या वर्षी तालमी रंगात आल्या होत्या आणि महादेवच्या उजव्या कुशीत कळ उठली. खोकला, हसला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी अंग कसकसायचं.

"आक्का, उसण भरलीया. लाव पाय."

"राजाला लाथ घालू व्हय रं?"

"घाल गं. परजेला सांगू नगं म्हंजे झालं!"

तिनं रोज पाय लावला. थोड्याच दिवसांत कळ थांबली. महादेव तालमीत सगळ्यांना सांगत सुटला, आणि गुणाबाईही गल्लीतून जरा ताठ चालू लागली. भाषण मात्र मध्येच तुटायला लागलं. चार शब्द झाले की राजा खांबाला धरून उभा.

त्याची बायको माधवी म्हणाली, "बेळगावला दाखवून येऊ या की."

गुणाबाईच आडवी आली. "कळ गेली की आता! आवाज बसलाय, ज्येष्ठमध चघळू दे. यात्रा झाल्यावर बघू."

यात्रेत राजा भाषणाच्या अर्ध्यातच सिंहासनावर बसला. लोकांना वाटलं, नवी लकब. टाळ्याही पडल्या.

बेळगावात छातीचा फोटो काढणारा कानडीत म्हणाला, "उसिरु हिडीरी." श्वास धरा. महादेवला तो धरता येईना. दाराशी उभ्या गुणाबाईनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

डॉक्टर सांगू लागले, "फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं, बरगड्यांना आतून दुसरं. मध्ये नुसता ओलावा. ती सुजली की एकमेकांवर घासतात, तीच कळ. मग मध्ये पाणी साठलं, आवरणं एकमेकांपासून दूर झाली, घासणं थांबलं."

"म्हंजे दुखायचं थांबलं तवा..."

"तेव्हा आजार वाढत होता."

"माझ्या पायानं झालं का हो?"

"पायानं काही नाही झालं, मावशी. दिवस वाया गेले."

मूळ क्षयाचं निघालं. पाणी घट्ट झालेलं, सगळं काढता येईना. महिनोन्‌महिने गोळ्या खाऊन क्षय गेला, पण सुजलेल्या आवरणाची जाड साल फुफ्फुसाला आवळून राहिली. ते पुरतं फुलेना. ऑपरेशनला महादेव तयार झाला नाही.

पुढच्या यात्रेत राजा दुसराच. महादेव पडद्याआडून त्याला तुटक दमानं शब्द पुरवत होता. नव्या राजानं भाषण थांबत थांबत म्हटलं. गुणाबाई शेवटच्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारचा शामू वाकडा होत आला. "आक्का, मंडपाचे बांबू उचलताना चमक भरली. लाव पाय."

"ताप येतोय का? श्वास घे बघू मोठा. दुखतंय?"

"न्हाय. वाकल्यावर दुखतंय. डॉक्टरीण कधी झालीस गं?" म्हणत तो पालथा पडलाही.

कट्ट्यावरून महादेव म्हणाला, "लाव गं. त्येची उसणच हाय." आणि हसला, त्याचं ते राजाचं हसू. अर्ध्यात दम संपला, हसू तिथंच राहिलं.

गुणाबाईनं भिंतीला हात टेकला, पाय उचलला. तो खाली नेववेना.

"आक्का, लावतीस न्हवं?" खालून शामू विचारत होता.


तिनं पाय मागं घेतला आणि लुगड्याखाली झाकला.