मरणाचं लाल पाकीट

शेक बिंग-चुन पडद्यावर मरायचा. काउलूनच्या त्या कळकट स्टुडिओत मरणारे पुष्कळ होते, पण गच्चीवरून, जिन्यावरून, सांगाल तिथून तक्रार न करता मरणारा तोच. मेलं की उठायचं, धूळ झटकायची आणि निर्मात्याच्या हातून लाल पाकीट घ्यायचं. पाकिटात एखादं नाणं असे. पण ते घेतलं नाही तर खोटं मरण अंगाला चिकटून घरी येतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

निर्माता कुआन शेठ त्यातही हात आखडायचा. एका सिनेमात बिंग-चुन मिशी लावून मेला, मिशी काढून मेला, चष्मा घालून मेला. शेठनं पाकीट एकच दिलं. "माणूस एकच ना रे?"

तो सिनेमा बघायला बिंग-चुन बायकोला, अ-लानला, दुपारच्या खेळाला घेऊन गेला. तस्करांचा अड्डा म्हणजे शेठचंच ऑफिस, माशांच्या टाकीसकट. मोटारींच्या पाठलागात तोच लठ्ठ भाजीवाला पुन्हा पुन्हा आडवा येई. ठोसा आधी बसे, आवाज सावकाश मागून येई. इन्स्पेक्टर, मारेकरी आणि मारेकऱ्याची आई एकाच घशातून बोलत. नायक टोनी शेठचा भाचा. त्याची लाथ कमरेच्या वर जात नसे, म्हणून गुंड बिचारे वाकून मार खात. लोक उसाची चिपाडं पडद्यावर भिरकावत होते.

मग नायकाच्या मेलेल्या गुरूची तसबीर आली. काळी फीत, पुढं संत्री, उदबत्त्या. तसबिरीत बिंग-चुन.

अ-लानच्या हातातल्या भोपळ्याच्या बिया सांडल्या. "अहो, हे तर तुम्ही!"

"दिसतोय खरा."

"जित्या माणसापुढं उदबत्त्या? पाकीट तरी दिलं का मेल्यानं?"

"मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"मग आधी पाकीट घ्या. त्याशिवाय त्या तिसऱ्या मजल्यावरून उडी मारलीत तर खरंच जाल, सांगून ठेवते."

ती उडी पुढच्या सिनेमात होती. बिंग-चुननं शेठला गाठलं, तर तो पोट धरून हसला. "मेला तो फोटो! फोटोला कुठं लागतं का रे?"

उडीचा दिवस आला. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी. कॅमेरा सुरू झाला, टोनीनं ठोसा मारला. बिंग-चुन उभाच.

"पड ना!" शेठ ओरडला. आवाज मागाहून भरायचा, त्यामुळं ओरडायला अडचण नव्हती.

"फोटोचं पाकीट."

"अरे, फिल्म जातेय! टोनी, हाण आणखी, आत्ता पडेल!"

कॅमेरा थांबवावा तर आतापर्यंतची फिल्म फुकट, चालू ठेवावा तर पुढची. टोनी हाणत राहिला. ठोसे खोटे होते, धाप मात्र खरी लागली. बिंग-चुन कठड्याला टेकून शेठकडं बघत राहिला. शेवटी शेठनं शिव्या घालत लाल पाकीट पुढं केलं. बिंग-चुननं ते खिशात घातलं आणि जन्मात पडला नव्हता असा सुरेख पडला.

पैसे मोजलेली फिल्म फेकणाऱ्यांतला शेठ नव्हता. सगळं जसंच्या तसं सिनेमात आलं. नायकापेक्षा गुंड वरचढ दिसतो, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. 'पाकीट' म्हणणाऱ्या ओठांवर त्यानं 'मी झुकणार नाही' असे शब्द चिकटवले, ते ओठांना बसत नव्हते.

दोघं तो सिनेमा बघायला गेली, त्या दिवशी या प्रसंगाला थिएटरात चिपाडं उडायची थांबली. एवढ्या भंगारात पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर काहीतरी मागत होतं, आणि ते काय हे न कळताही लोकांना पटलं होतं. "पडू नको, काका!" मागच्या रांगेतून कुणी ओरडलं. मग सगळेच. अ-लानही उठून उभी राहिली.

पडद्यावर कडेनं एक हात आला, हातात काहीतरी लाल. काका ते घेऊन पडले. थिएटरभर हाय हाय झाली, आणि पुन्हा चिपाडं.

अ-लान खाली बसली. पाकीट तिच्याच पिशवीत होतं.

"पडलात कशाला?" ती म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, पाकीट घेतल्याशिवाय..."

"ते खरं हो," ती पडद्याकडं बघत म्हणाली. "पण एवढ्याशा नाण्याला?"