योखेनचं पिस्तूल, माझा हात

माझं शेवटचं पोस्टिंग फ्रँकफर्ट. मूव्ह ऑर्डर बायकोची. मानसी आयटीत आहे. तिला इथल्या कंपनीनं बोलावलं आणि मी, रिटायर्ड हवालदार, मेडिकल कॅटेगरी लो, तिच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात यावर बरीच करमणूक झाली. "बायकोच्या मागं परदेशात गेलेला पहिला फौजी," असं माझा मेहुणाच सांगत फिरायचा. फिरू दे. पोस्टिंग निवडून मिळत नसतं, हे त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

माझ्या उजव्या हाताला तर्जनी नाही. मुळापासून गेली. ती जायच्या आधी मी बटालियनच्या पिस्तूल टीममध्ये होतो. नंतर फौजेनं मला स्टोअरमध्ये बसवलं आणि मी ब्लँकेटं मोजून पेन्शनीला आलो.

इथं विमानतळाजवळच्या गोदामात पार्सलं लावायचं काम मिळालं. सकाळची शिफ्ट, दुपारी जर्मनचा क्लास, संध्याकाळी स्वयंपाक. रविवारी काय करायचं ते मात्र कळेना. शेवटी मानसीच वैतागली. "अहो, बाल्कनीतल्या कुंड्यांची परेड किती दिवस घेणार? त्या चौकात नेमबाजीचा फेराइन आहे. जा की जरा."

फेराइन म्हणजे क्लब. जर्मनीत प्रत्येक गोष्टीचा फेराइन असतो, कबुतरांचासुद्धा. नेमबाजीचा जुना होता, भिंतीवर ढाली आणि हरणाची शिंगं. नियम आमच्या फौजेला शोभतील असे. वर्षभर नियमित यायचं, क्लबच्याच हत्यारावर मारायचं, परीक्षा द्यायची, मग स्वतःचं पिस्तूल घ्यायचा परवाना. मी वर्षभर डाव्या हातानं मारलं. कागदावर छिद्रं पडायची, एवढंच.

तिथं योखेन भेटला. वय ऐंशीच्या पुढं, जुना जर्मन फौजी, रेंजवर आउफजिष्ट, म्हणजे देखरेखीचा अधिकारी. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. ऐंशी वर्षांच्या माणसाला नुसतं योखेन म्हणायला माझी जीभ वळेना. मनात मी त्याला साहेबच म्हणायचो. त्याची नजर अधू झाली होती आणि त्याला त्याचं पॉइंट टू-टूचं स्पर्धेचं पिस्तूल विकायचं होतं. गिऱ्हाइकं दोन आली, दोघांना त्यानं परत पाठवलं.

एक दिवस माझ्या मागं उभा राहून म्हणाला, "तू डावखुरा नाहीस."

"नाही."

"प्रत्येक गोळीला तुझा उजवा खांदा आधी हलतो. उजव्यानं का मारत नाहीस?"

मी हात वर करून दाखवला.

"ते दिसतंय मला. एवढा आंधळा नाही झालो. मधलं बोट आहे ना?"

असं ते पिस्तूल माझ्याकडं आलं. खरं सांगतो, परवाना हातात पडला त्या दिवशी मी लोकल ट्रेनच्या डब्यात एकटाच हसत होतो. या देशात मी कुणाचा तरी नवरा होतो आणि गोदामातला एक पिवळा जॅकेटवाला होतो. रेंजवर मात्र मी नेमबाज होतो. माझ्या दृष्टीनं ती लहान गोष्ट नव्हती.

पण पिस्तूल योखेनच्या हाताचं होतं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ त्याच्या रुंद पंजाला तासलेली. ट्रिगर तर्जनीसाठी. म्हणून त्यानं मला आंकेकडं पाठवलं. आंके बंदुकांची कारागीर, पन्नाशीची, कपाटासारखी उंच बाई, कानाला पेन्सिल. दुकानात तेलाचा आणि लाकडाच्या भुश्शाचा वास. मला एकदम आमचा आर्मरर, बटालियनची हत्यारं दुरुस्त करणारा, आठवला.

आंकेनं माझ्या तळहाताला निळा रंग फासला, मूठ धरायला लावली आणि लाकडावर डाग कुठं पडले ते पाहिलं. जिथं डाग गडद तिथं कानस. जिथं डागच नाही तिथं लाकडाचा लगदा भरून पुन्हा घासायचं. ट्रिगर तिनं पुढं सरकवला आणि खाली वळवला, मधल्या बोटासमोर. नियमानं ट्रिगरला एक किलोचं वजन लटकवून पिस्तूल उचलतात, तेवढ्यानं घोडा पडता कामा नये. तिनं ट्रिगर बरोबर त्या हद्दीवर आणून ठेवला. स्पर्धेवाल्यांना हलका ट्रिगर आवडतो.

प्रत्येक वेळी विचारायची, "कसं वाटतंय?"

"गुट," म्हणजे छान, मी म्हणायचो.

"इथं टोचतं?"

"नाइन. गुट."

"ट्रिगर लागतोय बोटाला?"

"झेअर गुट."

आता सिव्हिल लोकांना हे कसं सांगावं? फौजेत हत्यार तुमचं नसतं. ते कोतमधून, म्हणजे हत्यारांच्या खोलीतून, मिळतं आणि संध्याकाळी परत जातं. त्याला कानस लावलीत तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. माणसानं हत्याराला जमवून घ्यायचं. हेल्मेटला डोकं, बुटाला पाय. महिन्याच्या दरबारात सीओ साहेब विचारायचे, "किसी को कोई तकलीफ?" आणि अख्खी बटालियन एका आवाजात, "नहीं, साब!" त्यात ताप आलेले असायचे, पाय सुजलेले असायचे, घरी भांडण झालेले असायचे. नहीं, साब. ही सवय हाडात जाते. आणि इथं एक बाई कानस घेऊन मला विचारत होती, तुला कसं हवं?

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. एक, तुटलेल्या बोटाच्या बुंध्याशी मूठ टेकली की कळ कोपरापर्यंत जाते. दुसरी, मधल्या बोटाच्या टोकाला पुरतं भान नाही. तर्जनी गेली त्याच दिवशी तिथली नसही गेली. म्हटलं, हे सांगितलं तर म्हणतील, मग पिस्तूल कशाला पाहिजे तुला? जमवून घेऊ.

शनिवारी सकाळी रेंजवर गेलो. पंचवीस मीटर. लाइनवर मी आणि दोघं. आउफजिष्ट योखेन. या प्रकारात हात खाली तिरका धरून थांबायचं, टार्गेट समोर वळलं की हात वर, एक गोळी, हात पुन्हा खाली. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्याला हात उचलताना बुंध्यातून कळ आली. मी मूठ आवळली. मधल्या बोटाला ट्रिगर लागलाय हे मला कळलंच नाही.

गोळी सुटली. टार्गेटच्या बरीच अलीकडं, जमिनीत.

"श्टॉप!" योखेन ओरडला. "सगळे थांबा! खाली करा!"

मॅगझिन काढलं, स्लाइड मागं, चेंबर रिकामं, पिस्तूल टेबलावर, दोन पावलं मागं. हे सगळं आपोआप झालं. मग मी सावधान उभा राहिलो. कुणाला लागलं नव्हतं. पण अवेळी सुटलेली गोळी ही फौजेत आणि जर्मनीत सारखीच वाईट. क्लबनं काढलं तर परवाना जातो, परवाना गेला की पिस्तूल जातं, आणि हा उजवा हात पुन्हा खिशात. 

योखेननं बाकीच्यांना बाहेर पाठवलं. "काय झालं?"

"माझी चूक. पुन्हा होणार नाही."

"मी चूक कुणाची ते विचारलं नाही. काय झालं ते विचारलं."

तो टेबलाशी गेला, मूठ हातात घेतली आणि लाकडाचा कोपरा जिथं माझ्या बुंध्याला लागतो तिथं अंगठा फिरवला. "दुखतं?"

तेव्हा सांगितलं. बुंधा, कळ, बधिर टोक, सगळं.

"आंकेला का नाही सांगितलंस?"

त्याला खरं उत्तर द्यायचं तर सुदामबद्दल सांगावं लागणार होतं. क्लबच्या खोलीत बसलो, त्यानं कॉफी आणली. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. इथं मराठीत सांगतो.

लान्स नायक सुदाम शेलार. माझ्याच सेक्शनचा, माझ्याच तालुक्यातला. आणि अख्ख्या कंपनीत तक्रारखोर. दरबारात सगळे नहीं साब म्हणाले की याचा हात वर. बूट चावतात. डाळीत खडे हायेत. सुभेदार साहेब त्याला वकील म्हणायचे. मी नायक होतो, त्याचा उस्ताद, मला त्याच्यापायी बोलणी बसायची. "सुदाम्या, लेका, एक दिवस तरी तोंड बंद ठेव," मी म्हणायचो. "उस्ताद, बंद ठेवलं तर खडं पोटात जात्यात," हे त्याचं उत्तर.

त्या सकाळी उत्तरेतल्या डोंगरात गस्त होती. आम्ही सात जण. सुदाम पुढं, स्काउट नंबर एक. मी त्याच्या मागं. ओढ्याच्या वळणावर तो थांबला आणि मूठ वर केली.

"काय रे?"

"उस्ताद, मला हे पटत न्हाई. हितली माती नवी हाय."

मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. पण मी सगळ्यांना थांबवलं आणि रेडिओवर गेलो. "अल्फा टू, रुका हूँ. रास्ते पे शक है. ओव्हर."

"अल्फा टू, पीछे हटो. ओव्हर."

पाच जण मागं गेले. सुदाम स्वतःच्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत मागं येत होता. त्याला ओढून घ्यायला मी हात पुढं केला होता. त्याचा एक पाय जरा बाजूला पडला आणि माइन फुटला. त्या हाताचं बोट मला नंतर दिसलं नाही. सुदाम जागेवरच गेला. मी डाव्या हातानं सेट उचलला आणि म्हणालो, "अल्फा टू, दो कॅज्युअल्टी." दुसरा मी होतो हे मला बोलल्यावर कळलं.

पाच जण त्या दिवशी चालत परत गेले. आता सगळ्यांची लग्नं झाली आहेत, पोरं आहेत. एक तर आजोबा होणार आहे.

योखेननं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तक्रार करणाऱ्या माणसानं पाच जण वाचवले. तू त्याच्या मागं उभा होतास. आणि त्याच्याकडून शिकलास काय? गप्प बसायला?"

माझे कान तापले. ऐंशी वर्षांचा नसता तर काहीतरी बोललो असतो. पण म्हातारा बरोबर होता आणि ते मला तिथंच, त्या खुर्चीत, कळलं.

क्लबच्या मंडळानं निर्णय दिला. पिस्तूल दुरुस्त होऊन आउफजिष्ट पास करेपर्यंत लाइनवर यायचं नाही, आणि सुरक्षेची परीक्षा पुन्हा. काढून टाकलं नाही.

मी आंकेकडं गेलो. तिनं रंगाचा डबा उघडला. मी म्हणालो, "थांब. आधी ऐक." क्लासमध्ये शरीराच्या अवयवांचा धडा झाला होता, तो कामी आला. इथं दुखतं. थंडीत जास्त. हे टोक बधिर आहे, टाचणी टोचली तरी कळत नाही. ट्रिगर मला हलका नको, जड पाहिजे. आणि पहिला दबाव संपला की हाडाला कळेल असा ठाम अडथळा पाहिजे, कातडीला नाही.

आंकेनं कानावरची पेन्सिल काढली. "एण्डलिश!" म्हणाली, म्हणजे एकदाचं! "पाच वेळा आलास आणि पाच वेळा गुट. मला वाटलं भारतात दुसरा शब्दच नाही."

तिनं मुठीत बुंध्यासाठी खळगा कोरला आणि आत मऊ चामडं बसवलं. ट्रिगर जड केला. बोट चुकून घसरू नये म्हणून मुठीच्या कडेला एक पट्टी ठेवली, बोट तिथं विसावतं आणि मारायचं असेल तेव्हाच आत येतं. मधेच मी म्हणालो, "अजून थोडं डावीकडं." मला माझीच लाज वाटली. तिनं काहीच न बोलता थोडं डावीकडं घासलं.

योखेननं पिस्तूल तपासलं, मला पारखलं आणि लाइनवर घेतलं. पहिल्या दिवशी गुण काही सांगण्यासारखे नव्हते. पण प्रत्येक गोळी मी सोडली तेव्हाच सुटली. योखेन म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. घरी आलो तर मानसी म्हणाली, "अहो, चेहरा बघा आरशात. लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हता." होतो. पण तो वाद घालायची वेळ नव्हती.

सुदामचा दिवस नोव्हेंबरात येतो. दर वर्षी त्या दिवशी मी शोभा वहिनींना, त्याच्या बायकोला, फोन करतो. फोन ठरलेला. कशा आहात, वहिनी? बरं हाय. तुमचा हात? ठीक आहे. मुलांची खुशाली, गावचा पाऊस, ठेवतो.

या वेळी रविवार होता, दुपारची वेळ. त्यांनी विचारलं, "भावजी, हात कसा हाय?"

"दुखतो, वहिनी. थंडीत जास्त. अजून वाटतं ते बोट जागेवर आहे."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "वहिनी?"

"हाय." मग म्हणाल्या, "तुमी दर साली ठीक म्हनता, म्हनून मीबी बरं हाय म्हनत आले. कार्यक्रमाला बोलवत्यात, शाल देत्यात, वीरपत्नी म्हनत्यात. झोप येती का, असं कुनी इचारत न्हाई."

"येते का, वहिनी?"

"न्हाई येत. ते लई घोरायचे. सुट्टीवर आले की मी भांडायची, जरा गप झोपा म्हनायची. आता घर गप असतं. त्यानंच झोप लागत न्हाई."

मी म्हणालो, "वहिनी, बराकीत तो घोरायला लागला की दहा खाटांवरून दहा बूट त्याच्या अंगावर जायचे. सकाळी उठून जोड्या लावत बसायचा आणि आम्हालाच शिव्या द्यायचा."

"खरं?" वहिनी हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. "आमाला कुनी सांगितलंच न्हाई कधी. अजून काय करायचे?"

"बसल्या आहात ना?" मी म्हणालो. "मग ऐका."