गोकर्णीचं गोल फूल

तेव्हा मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि लालबागला चाळीत राहायचो. गॅलरीत तेलाच्या डब्यात गोकर्णीचा वेल होता. गोकर्णीच्या फुलात एक पाकळी मोठी, बाकीच्या लहान आणि दुमडलेल्या. मधोमध उभं चिरलं तरच दोन सारखे भाग होतात. फार पूर्वीची फुलं चहूबाजूंनी सारखी होती. कीटकांच्या येण्याजाण्यातून लाखो वर्षांत काही फुलांना अशी वरची-खालची बाजू आली. त्या वर्षी माझ्या वेलावर एकच फूल पाचही पाकळ्या सारख्या मोठ्या घेऊन उमललं. जुनं रूप परत आल्यासारखं. त्याचं बी मला हवं होतं. मी त्याला कागदी पिशवी बांधली आणि घरात बजावलं, हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. दादरचा फुलबाजार बंद. त्याच सकाळी शेजारच्या खोलीतले आजोबा गेले. आयुष्यभर गिरणीत राबलेला माणूस. आजींचं एकच म्हणणं होतं, हार नसला तर नसो, पण यांना फुलांवाचून नेऊ नका. बायकांनी गॅलऱ्या-गॅलऱ्यांतली सदाफुली, तुळस खुडली. माझ्या वेलाची सगळी फुलं मी देऊ केली, ते एक सोडून. कशाला हवंय ते, हेही सांगितलं, वर्गात सांगतात तसं. कुणी वाद घातला नाही. मी कपडे बदलायला आत गेलो तेवढ्यात बायकोने पिशवी सोडली आणि फूल नेऊन आजोबांच्या छातीवर ठेवलं.

नमस्काराला वाकलो तेव्हा मला ते दिसलं. पायांवर टेकायचे हात छातीकडे गेले. फूल उचललं, उजेडाकडे वळवलं, आत पुंकेसर कसे आहेत ते बघू लागलो. मागे रांग थांबली होती.

आजी उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, बघून झालं असलं तर ठेवा. त्यांना निघायचंय."

आवाजात राग नव्हता. मी फूल ठेवायला गेलो. असल्या फुलाला वर-खाली नसतं, कसंही ठेवलं तरी सरळच. तरी माझ्या हाताला ते नीट ठेवता येईना. शेवटी आजींनीच ते माझ्या बोटांतून घेतलं.