गोल डागणी

सुमनताईंचा फोन आला तेव्हा मी सिकंदराबादच्या बाजारात होतो. "बाबा गेले... सकाळी दूध तापवलं, खुर्चीत बसले, आणि..." त्यांचे बाबा म्हणजे आमच्या दूध सोसायटीचे जुने सेक्रेटरी किशनराव, आम्हा सगळ्यांचे किशनकाका. दीड महिना झाला, तरी 'होते' लिहवत नाही.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. हैदराबादेत सोसायटीत चिकटलो तेव्हा बाजार नुकता खुला होत होता. खासगी डेअऱ्यांच्या चकचकीत गाड्या गल्लोगल्ली दिसू लागल्या होत्या. नव्या सोसायट्या निघाल्या, तशा तळ्यावर सगळ्यांच्या म्हशी एकमेकींत मिसळू लागल्या आणि कुणाची कुठली यावरून भांडणं होऊ लागली. म्हणून प्रत्येक सोसायटीनं आपली खूण सरकारी कार्यालयात नोंदवायची आणि म्हशींच्या मांडीवर डागायची असं ठरलं. चेअरमनसाहेबांनी ते काम मला दिलं. माझी नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. हे जमलं तर कायम होणार होतो.

मी जीव ओतून खूण काढली. गोल वर्तुळ, आत घागर, घागरीत सोसायटीचं आद्याक्षर. काका तेव्हा तापानं पडून होते. त्यांनी अंथरुणातूनच, माझ्यावर विश्वास ठेवून, अर्जावर सही केली. नोंदणी झाली, शिक्का बसला. मेहबूबभाई लोहारांकडून मी त्या खुणेची, दांड्याची लोखंडी डागणीही करून घेतली. देताना ते हसले, "बाबू, कागज पे तो बहोत अच्छा है. भैंस पे फुलका दिखेंगा!" मला राग आला. लोहाराला काय कळतं, असं वाटलं... आज लाज वाटते.

बरे होऊन आल्यावर काकांनी आधी कच्च्या चामड्याचा तुकडा मागवला. डागणी तापवून त्यावर टेकवली. उचलली, तर घागर नाही, अक्षर नाही. नुसता काळा गोळा.

"बंद रेघ आतलं सगळं जाळते, पोरा," काका म्हणाले. " जिवंत कातडी तर वर फुगते. खुणेला तोंड उघडं पाहिजे."

"पण काका, नोंदणी झालीय. सोमवारी डागायचंय. आता बदलायचं म्हटलं तर साहेब मला घरी पाठवतील."

"तुझी नोकरी तीन महिन्यांची. म्हशीची कातडी जन्माची."

गावी आईनं नोकरीचे पेढे वाटले होते. तिला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

सोमवारी काका मला घेऊन चेअरमनसाहेबांसमोर उभे राहिले. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "इतकं शिकून हे काम?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "त्याला कशाला? अर्जावर सही माझी आहे. न बघता केली. चूक माझी." साहेब त्यांना चार माणसांत नको ते बोलले. साठीकडं झुकलेला माणूस खाली मान घालून ऐकत राहिला, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चल, चाय पिऊ. मग मेहबूबकडं जायचंय."

नव्यानं नोंदवलेली खूण साधी होती. दोन तिरप्या रेघा, एकमेकींना न टेकणाऱ्या. कडा घासून बोथट केलेल्या, दांडा हातभर जास्त लांब. लोखंड लाल नको, राखेच्या रंगाचं हवं, हे काकांनीच शिकवलं. म्हशीच्या मानेवर हात ठेवून ते म्हणायचे, "हौ गं माय, झालं, झालं..." आणि खरंच तेवढ्यात झालेलं असायचं. मग तेल-हळद. पुढं कानातले बिल्ले आले आणि डागण्या बंद झाल्या. मी मात्र कायम झालो, त्याच सोसायटीतून निवृत्तही झालो. त्या दिवसाबद्दल काका पुन्हा कधी बोलले नाहीत... मीही नाही.

परवा तारनाक्याला त्यांच्या घरी गेलो. सुमनताईंनी दुधाचं पातेलं उतरवून ओट्यावरच्या एका काळ्या लोखंडी कड्यावर ठेवलं. कड्यात लोखंडी रेघांची घागर होती, घागरीत सोसायटीचं अक्षर. दांडा कापून टाकलेला.

"बाबांना पातेल्याखाली हेच लागायचं," त्या म्हणाल्या. "विचारलं की म्हणायचे, माझी जुनी चूक आहे ती, जपून ठेव."

दूध अजून वाफाळत होतं. मी म्हणालो, "ताई, ती चूक माझी आहे."