टिपणीसांचा स्वच्छ अंधार

मोहन टिपणीस यांच्या फ्रँकफर्टच्या घरात लुकलुकणारी एकही वस्तू नव्हती. राउटर, टीव्ही, वॉशिंग मशीन, ओव्हनचं घड्याळ, सगळ्यांच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी. "अहो, ओव्हनवर पट्टी लावलीत, केक किती वाजता काढू?" वैदेहीवहिनी विचारत. "वास आला की," टिपणीस सांगत. "अंधार स्वच्छ ठेवायची सवय घरातूनच लागते." त्यांची मुलगी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटून दार लावून घेई.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन नाशिकला परतेपर्यंत ते दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत काम करत आणि रात्री बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनांचे फोटो काढत. पद्धत ठरलेली. कॅमेऱ्याचं शटर दहा-बारा मिनिटं उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात काळे कपडे घालून कॅमेऱ्यासमोरच फिरत, विजेरीने भिंती उजळायच्या. चालणारा माणूस फोटोत उमटत नाही. मी त्याच कंपनीत मजकूर तपासायचो. त्याआधी पुण्यात वर्तमानपत्रात होतो, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव कायमचं 'पत्रकार'. "पत्रकार, चालत राहा. थांबलात की फोटोत आलात. आणि उजेड रंगाऱ्यासारखा मारा, बादलीने ओतू नका."

जर्मनीत वाळवंट आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बर्लिनच्या दक्षिणेला रणगाड्यांच्या सरावाने झाडं गेली आणि नुसती वाळू उरली. तिच्या कडेला लाल विटांचं एक दुमजली स्टेशन होतं. टिपणीसांच्या शेजारी राहणाऱ्या हेल्गाबाई तिथल्या स्टेशनमास्तरांच्या कन्या. वय चौऱ्याऐंशी. इमारत सोमवारी पाडायची होती. बाई म्हणाल्या, "वरची खिडकी माझ्या खोलीची. तिच्यात दिवा असलेला एक फोटो हवा. हल्ली मला ती काळोखीच आठवते."

टिपणीसांनी रीतसर गेनेमिगुंग, म्हणजे लेखी परवानगी काढली. तिला सहा आठवडे लागले. अट होती: जिना कुजलेला असल्याने आत पाऊल ठेवू नये.

"पाऊल म्हटलंय," टिपणीस म्हणाले. "काठीबद्दल काही नाही."

त्यांनी कोळ्याची जाळी काढायची लांब काठी आणली, तिला काळी पट्टी गुंडाळली आणि टोकाला विजेरी बांधली. विजेरीवर पतंगाचा पिवळा कागद. काठी फुटक्या तावदानातून आत सरकवायची, की खोली उजळणार.

रविवारी रात्री आम्ही पोचलो. अकरानंतर ढग येणार होते, म्हणजे एकच फोटो शक्य होता. पाऊण अकराला शटर उघडलं. मी भिंती रंगवून घेतल्या. आठव्या मिनिटाला टिपणीसांनी खांबाआड उभं राहून काठी वर चढवली, खिडकी पिवळी झाली आणि त्याच वेळी मागे गाडी थांबली. ओसाड इमारतीच्या माडीवर दिवा पाहून गावातल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला होता.

"खाली घ्या ते!" हातातला दिवा लावून उतरलेला तरुण पोलीस ओरडला.

"चार मिनिटांनी," टिपणीस जर्मनमध्ये म्हणाले. "कागद यांच्याकडे आहे. कृपा करून आपला दिवा तेवढा बंद करा."

पोलिसाने कागद वाचला आणि मगच दिवा विझवला. "इथे एकच नाव आहे. हे दुसरे गृहस्थ कोण?"

चूक माझीच होती. अर्ज मी भरला होता, त्यात टिपणीसांचं नाव तीनदा तपासलं होतं आणि माझं लिहायला विसरलो होतो.

"हे फोटोत नाहीत," टिपणीस म्हणाले.

"पण इथे उभे आहेत!"

"तीच तर अडचण आहे. दोघेही चाला. थांबलात तर पुराव्यासकट सापडाल."

पोलीस चालू लागला. वाळूने भरलेल्या फलाटावर आम्ही दोघे शेजारी शेजारी फेऱ्या मारत होतो आणि चालता चालता तो माझी जन्मतारीख विचारत होता. एकदा तो अडखळला. सवयीने त्याने गुडघ्याजवळ धरलेला दिवा लावला, दोन पावलं टाकली आणि विझवला.

"गेला फोटो," टिपणीस मराठीत म्हणाले. मला समज देऊन पोलीस गेला, तोवर तारे झाकले होते.

फोटोत सगळं होतं: तारे, वाळू, पिवळी खिडकी. आणि फलाटावर जमिनीलगत उजेडाची एक वाकडी रेघ. संगणकावर ती पुसणं मिनिटाचं काम होतं. टिपणीसांनी पुसली नाही. "झालं ते झालं. बाईंना खरं दाखवायचं."

हेल्गाबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. खिडकीवरून त्यांचं बोट खाली त्या रेघेवर आलं. "हे बाबा," त्या म्हणाल्या. "कंदील घेऊन शेवटच्या गाडीला निघालेत. हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला कसं सुचलं?"

दुरुस्ती करायला मी तोंड उघडलं. टिपणीसांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"आम्हाला नाही सुचलं," ते गंभीरपणे म्हणाले. "पोलिसांचं सहकार्य लाभलं."