बावीस छेद सात

तुरीच्या फोलपटांचा वास आला की मला लातूरचा क्लास आठवतो. खाली डाळमिल चालू झाली की वर आमचे बाक थरथरायचे. एके दिवशी गणिताच्या सरांनी सांगितलं, π अपरिमेय आहे, अपूर्णांकात लिहिताच येत नाही. आणि पुढच्याच गणितात म्हणाले, π बरोबर बावीस छेद सात घ्या. मी उठले. "सर, ह्यो तर अपूर्णांकच हाय की!" "ती खरी किंमत न्हाई. जवळपासची हाय." "मग आपण काढलेली वर्तुळांची समदी क्षेत्रफळं चुकली?" वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. फळ्याकडं बघत हळूच म्हणाले, "पेपरात बरोबर धरतात." आज नांदेडात माझ्या लेकीनं तसंच गणित सोडवून पुढं ठेवलं. उत्तर पुस्तकाशी जुळतंय. बरोबरची खूण करायला उचललेलं पेन अजून माझ्या हातातच आहे.